रावसाहेब उपाशी आहेत

बाजाराच्या दिवशी कापड गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. तेव्हा बरोबर मधोमध उभा राहून एक माणूस खच्चून ओरडे, "रावसाहेब कालपासून उपाशी हायेत." सगळी गल्ली वळून बघे. खरे रावसाहेब त्या वेळी आपल्या पेढीवर लोडाला टेकून चिवडा खात बसलेले असत. त्यांचा हात बशीतच राही. ओरडणारा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जाई आणि वकिलांच्या दारासमोर थांबून सांगे की वकीलसाहेबांच्या खांद्याला जखम झाली आहे, माश्या बसून राहिल्या आहेत, कोणाला दया नाही. मग माझी शाळा लागे. खिडकीखाली तो आवाज आणखी चढवी. "गोविंदमास्तर आज उठून राह्यले नाई." गोविंदमास्तर म्हणजे मी. मी फळ्यापाशी धडधाकट उभा असे आणि पोरं तोंडावर हात ठेवून खिदळत. मला त्या माणसाचा इतका संताप येई की हातातला खडू मोडे.

त्याचं नाव उकर्डा. रावसाहेब, वकीलसाहेब आणि गोविंदमास्तर हे त्याच्याकडचे बैल.

आता हे बैल त्याच्याकडे कसे, ते सांगायला हवं. आमच्या वाशीमला एक संस्था होती. तिचं नाव 'वृद्धवृषभपोषक मंडळी'. हे नाव ठेवणारे शास्त्रीबुवा वारले, नाव मागे राहिलं, आणि ते कोणाच्या जिभेला वळेना. म्हातारे, थकलेले बैल मरेपर्यंत सांभाळायचे, एवढंच संस्थेचं काम. रावसाहेबांच्या वडिलांनी गावाबाहेर जागा दिली होती, वर पत्र्याचं छप्पर होतं, अध्यक्ष रावसाहेब होते आणि चिटणीस मी. बैलांना कडबा मात्र नव्हता. कमिटीची सभा रावसाहेबांच्या दिवाणखान्यात भरे. चहा होई, आणि सभासद एकमेकांचे आभार मानून घरी जात. त्यांपैकी एकाही गृहस्थाने गोठ्यात पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. मी दर वर्षी वळणदार अक्षरात विनंतीपत्रं लिही, "आपल्या उदार आश्रयाची नम्र याचना" अशी. उत्तर कधी येत नसे. आज आठवलं तरी डोकं तापतं. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या आणि आम्ही आभाराचे ठराव लिहीत बसलो होतो.

उकर्डा पूर्वी गाडीवान होता. रिसोडहून वाशीमच्या जिनापर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीपर्यंत, कापसाच्या गाड्या हाकण्यात त्याचं आयुष्य गेलं. मोटार लॉऱ्या आल्या आणि धंदा बसला. जोडीतला एक बैल मेला, उरलेला एक म्हातारा बैल घेऊन तो मंडळीच्या दारात आला. जागा नाही, असं कमिटीने ठरावाने कळवलं. ठराव मी वाचून दाखवला. तो ऐकून उकर्डा आत गेला, बैल बांधला आणि तिथेच राहिला. त्याला कोणी नेमलं नाही, पगार दिला नाही, आणि हाकलायची कोणाची छाती झाली नाही. अंगाने काटक, रंग काळा, पागोटं कायम एका कानावर घसरलेलं, आणि कपाळाची आठी झोपेतसुद्धा सुटत नसावी. आवाज गाडीवानाचा, अर्ध्या कोसावरून ऐकू येणारा. जरा हळू बोल म्हटलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं असे. "बैल बोलत नाई म्हून मी बोलतो."

एकदा मी त्याला माझं विनंतीपत्र कौतुकाने वाचून दाखवलं. 'याचना' शब्दावर त्याने मला थांबवलं आणि अर्थ विचारला. मी सांगितला. तो इतका भडकला की गोठ्यातले बैल उभे राहिले.

"भीक मांगून राह्यले काय तुमी? या बैलायनं त्यायचा कापूस वाह्यला, त्यायची वावरं नांगरली. आन आता भीक? कायले?"

मी म्हटलं की मग तूच गोळा कर चारा. त्याने केला, पण असा केला की अख्ख्या गावाशी माझं वैर होण्याची वेळ आली. ज्या घराने जो बैल आणून सोडला होता त्या घरच्या धन्याचं नाव त्याने बैलाला दिलं. रावसाहेबांच्या बैलाचं नाव रावसाहेब, वकिलांच्या बैलाचं वकीलसाहेब. मी तर जन्मात बैल पाळला नव्हता. एक मोडक्या शिंगाचा बिनवारशी बैल होता, त्याला माझं नाव मिळालं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, हाही दिवसभर नुसता रवंथ करतो, कामाचं काही करत नाही. त्या बैलाला लाथ मारायची खोडही होती. ती माझ्यावरून आली की काय, हे मी विचारलं नाही.

मी त्याला बजावलं की लोकांची नावं जनावरांना देणं असभ्य आहे. तेव्हा तो पहिल्यांदा जरा बसून बोलला. त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. त्यांची नावं चांगली देवादिकांची होती. हा जन्मला तेव्हा आईने याला उकिरड्यावर ठेवलं, उचललं आणि उकर्डा म्हणून हाक मारली, म्हणजे मृत्यूला हा कोणाचाच वाटू नये. "नावानं काय होते ते मले शिकवू नोका, मास्तर. बिननावाचं जनावर कोनीबी इकते. नाव असलं म्हंजे ते कोनाचं तरी असते."

रावसाहेबांनी मला बोलावून झाडलं. त्या माणसाला तोंड बंद ठेवायला सांगा, नाहीतर गोठ्याला कुलूप घालतो. मी तणतणत गोठ्यात गेलो आणि दारातच थबकलो. रावसाहेबांच्या वाड्यावरची मोलकरीण डोक्यावर सरकीची टोपली घेऊन उभी होती. बाईसाहेबांनी पाठवली, म्हणाली. कोणासाठी, म्हणून उकर्डाने मुद्दाम विचारलं. ती बिचारी लाजली. बाईसाहेब नवऱ्याचं नाव कसं घेणार, आणि मोलकरीण धन्याचं नाव बैलाला कशी लावणार. "त्यायले," एवढं म्हणून तिने टोपली ओतली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या नवऱ्याच्या नावाचा जीव उपाशी आहे, त्याच्या जखमेवर माश्या बसतात, हे भर बाजारात ऐकून कोणत्या बाईच्या घशाखाली घास उतरेल? नवरे पेढीवर बसून संतापत होते आणि त्यांच्या मागच्या दाराने सरकी, घाण्यावरची ढेप, कडब्याच्या पेंड्या गोठ्याकडे निघाल्या होत्या. वकिलीणबाईंनी तर जखमेला लावायला हळद आणि तेल पाठवलं. आणि माझ्या घरी काय चाललं होतं, ते मला सगळ्यात शेवटी कळलं. मला ताटात शिळी भाकरी का येते, म्हणून मी एक दिवस आवाज चढवला. बायको शांतपणे म्हणाली, ताजी तिकडे गेली, गुळासंगं. तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. स्वतःच्याच नावाच्या बैलाचा हेवा वाटलेला माणूस या जिल्ह्यात मी एकटाच असेन.

बरं, उकर्डाने कोणाचे आभार मानावेत, तर तेही नाही. उलट तो दारोदार जाऊन भांडे. कालची ढेप कुबट होती, कडबा भिजलेला होता, बैलाला चालेल पण तुमच्या घरच्या नावाला शोभतं का. मला वाटे, आता या बाया चिडून सगळं बंद करतील. पण भांडून झालं की तो तिथेच पायरीवर बसून एकेका बैलाची खबर सांगे. वकीलसाहेबांची जखम सुकली, रावसाहेब काल स्वतःच्या पायांनी हौदापर्यंत गेले, गोविंदमास्तरांनी परत लाथ मारली. बाया हातातलं काम टाकून ऐकत. माझा वार्षिक अहवाल आजवर एकाही देणगीदाराने उघडला नव्हता, आणि याच्या खबरीसाठी वाड्यांतल्या बाया दारात वाट बघत उभ्या राहत. याचाही मला रागच आला.

श्रावण सरत आला तशी बैलांच्या अंगावर तुकतुकी दिसू लागली. आणि नेमकं तेव्हाच रावसाहेबांनी पेच टाकला. त्यांना त्या जागेवर जिन काढायचं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कमिटीची सभा ठेवली. मंडळी बंद करायची, जागा परत घ्यायची आणि बैल बाजारात काढायचे, असा ठराव मी लिहून आणायचा होता. आधीच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा कमिटीतला एकही जण हूं की चूं बोलला नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला. त्या लोकांना काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही, आणि जे सुचतं ते मास्तराच्या तोंडी शोभणार नाही.

मी उकर्डाला ते सांगितलं. वाटलं, आता हा पेढीवर जाऊन राडा करील. तो बैलाच्या शिंगाला तेल चोळत राहिला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि कानाशी वाकून त्यांना आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या संध्याकाळी गोठ्यात एकेका घरून आवतन आलं. माझी बायकोही गेली. मोडक्या शिंगाच्या कानाशी तिने काय म्हटलं, ते तिने मला सांगितलं नाही.

पोळ्याच्या दिवशी गावचे धष्टपुष्ट बैल तोरणाखालून गेले, आणि सगळ्यांच्या मागून उकर्डाची ती लंगडत, धापा टाकत वरात आली. पोरं हसली. त्याने एकेक बैल आपापल्या नावाच्या दारी नेला. माझ्या दारी गोविंदमास्तरांनी तुळशीची कुंडी पाडली आणि पुरणपोळी खाऊन वर माझं उपरणं चघळलं. मग सगळे रावसाहेबांच्या वाड्याकडे निघाले. मीही मागोमाग गेलो.

रावसाहेब ओसरीवर उभे होते, चेहरा लालबुंद. उकर्डाने नेहमीच्या आवाजात सांगितलं की रावसाहेब जेवाले आले. बाईसाहेब तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बैलाचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली, वाकून नमस्कार केला. मग मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उद्या यायले बाजारात काढनार हायेत म्हंते. धन्याच्या नावाचं जनावर दोरी लावून इकलं, तं मी कुंकू कोन्त्या तोंडानं लावू?"

वाड्यासमोर माणसांची गर्दी होती. रावसाहेबांनी बायकोकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशीची सभा भरलीच नाही. जिन पुढे त्यांनी दुसरीकडे काढलं. त्या वर्षापासून कडब्याच्या पहिल्या गाड्या त्यांच्याच वावरातून येऊ लागल्या, आणि हे सगळं आपल्यालाच सुचलं, असं ते पाहुण्यांना सांगू लागले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण तुळस मोडली होती, उपरणं गेलं होतं आणि शाळेतल्या पोरांसमोर शोभा झाली होती. दिवस कलताना मी उकर्डाला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून गोठ्याकडे गेलो.

तो एका बैलाजवळ बसला होता. तोच, ज्याच्यासंगती तो पहिल्या दिवशी आला होता. त्याच्या शिंगांना बेगड लावलेली होती, गळ्यात कवड्यांची माळ होती, पाठीवर उकर्डाच्या जुन्या धोतराची गेरूने रंगवलेली झूल होती. सगळ्या बैलांत हाच जास्त सजलेला. आणि हा वरातीत नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"याला का नाही आणलं?" मी चढ्या आवाजातच विचारलं.

"हा माह्या नावाचा हाय," तो म्हणाला. त्याने झूल नीट केली. मग म्हणाला, "घरची मानमोडीच्या साथीत गेली. लेकरूबी तिच्यासंगंच गेलं. याले कोनाच्या दारी नेऊ, मास्तर? पाय धुवाले कोन हाय?"

त्याचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी संतापलो. एवढा गाव डोक्यावर घेतोस आणि स्वतःपुरतं तोंड उघडता येत नाही का, असं काहीतरी ओरडलो. खुंट्याचं दावं सोडलं आणि तो बैल ओढत घराकडे चालू लागलो. बैल माझ्यामागे आला. त्याच्यामागे उकर्डा आला, मास्तर राहू द्या, मास्तर राहू द्या, म्हणत.

घरी चूल विझत आली होती. मी फाटकातूनच हाक मारली. बायको बाहेर आली, तिने बैल पाहिला, त्याच्यामागे अंग चोरून उभा असलेला माणूस पाहिला. ती पाणी आणि कुंकू घेऊन आली आणि बैलाच्या पायाशी बसली. दिवसभर मोडक्या शिंगाच्या बैलाचं नाव तिच्या ओठांवर येऊ शकलं नव्हतं. हे नाव तिला घेता येत होतं.

"या, उकर्डाभाऊ," ती म्हणाली. "काल तुमाले आवतन द्याचं राह्यलं. राग मानू नोका."

उकर्डाने तोंड फिरवलं. पाणी गार आहे, बैलाचे सांधे दुखतात, असं काहीसं कुरकुरला. ती उठली आणि पाणी कोमट करायला आत गेली. तेवढ्यात तो पुढे झाला, बैलाच्या गळ्यात हात टाकून त्याच्या कानाशी वाकला. मी जवळच होतो, म्हणून ऐकू आलं.

"आयकलं का बे," तो म्हणत होता, "भाऊ म्हनली."