दारापर्यंतचे भाविक

"श्रद्धेचा पुरावा? हात्तिच्या! दर आठवड्याला प्रार्थनेला जातो की मी! नऊ वर्षं झाली!" गणिताच्या सरांनी नोकरीची जाहिरात बायकोपुढे नाचवली.

जात होते हे खरंच. फक्त दारापर्यंत! बायकोला सोडायचं, ती आत गेली की आवारातल्या बाकावर बसून पेपर तपासायचे, ती बाहेर आली की घर गाठायचं. पण तासिका तत्त्वावर चार कॉलेजांत धावून धावून सरांच्या चपला झिजल्या होत्या आणि केसही. आता एका धार्मिक संस्थेच्या कॉलेजात कायमची जागा निघाली होती. पन्नाशीला टेकल्यावर अशी संधी पुन्हा कुठली यायला! अट एकच. उमेदवार श्रद्धावान हवा, आणि तसं धर्मगुरूंचं पत्र सीलबंद पाकिटात हवं.

धर्मगुरूंनी हसतमुखानं पाकीट दिलं. "जे पाहिलं तेच लिहिलंय हं, सर!"

सर निर्धास्त झाले.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधल्या प्राचार्याबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"प्रार्थनेला कुठं बसता?"

"पहिल्या रांगेत!" जीभच ती, सुटली की सुटली!

"गाता?"

"गातो तर! माझ्याशिवाय सुरुवातच होत नाही!"

"मग एक कडवं होऊन जाऊ दे."

नऊ वर्षांत भिंतीपलीकडून चाल तेवढी कानावर आली होती, शब्द कुठले यायला! त्यांनी डोळे मिटले, शब्दांच्या जागी "हंऽऽ हंऽऽ" केलं आणि शेवटी लांबलचक "आऽऽ" ओढला. बाहेरचा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला!

बाईंनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'सर दर आठवड्याला येतात. आत एकदाही आलेले नाहीत.'"

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं सरांना झालं.

"'बाहेर बाकावर पेपर तपासतात. एकदा वाऱ्यानं गठ्ठा उडाला. आम्ही सगळे प्रार्थना सोडून खिडकीशी! कुंपणाच्या काट्यांत शिरून, शर्ट फाडून घेऊन सरांनी एकूण एक कागद परत आणला. शेवटची तर नुसती कोरी पुरवणी होती. तीसुद्धा पुसून जागेवर लावली.'"



"खोटं का बोललात?" बाईंनी हळूच विचारलं.

"नोकरी हवी होती हो. दुसरं काही नाही."

बाईंनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनीही माना डोलावल्या.

"मुलांचा कोरा कागद एवढा जपणारा माणूस आम्हाला चालेल. जागा तुमची! पण यापुढं दर आठवड्याला आत बसायचं. आणि कृपा करून गायचं नाही!"

सर धापा टाकत घरी पोचले.

"लागली! कायमची लागली! आणि आता दर आठवड्याला मी तुझ्या शेजारी, आत!"

बायकोचे डोळे आनंदानं भरून आले. मग ती मटकन खुर्चीत बसली.

"अहो, आठवड्यातून तेवढा एकच तास मला तुमच्याशिवाय मिळत होता!"