सुलभाताईंचा ऑक्सिजन

न्यूमोनियातून वाचून वामनराव बुऱ्हाणपूरला घरी आले, पण त्यांचा दम काही परत आला नाही. पलंगापासून मोरीपर्यंत गेलं तरी भिंतीला टेकावं लागे. रोज सकाळी इंदूरहून फिजिओथेरपिस्ट रंजिता मॅडम मोबाइलवर व्हिडिओ लावून त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेत. आधी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा दाखवायचा.

त्या सकाळी व्हिडिओ लागण्याआधीच पाहिलं, तर आकडा फारच खाली होता.

"मॅडमनं पाह्यला की म्हनतीन, ॲडमिट व्हा," वामनराव बायकोपुढे रडवेले झाले. "त्या वॉर्डातून मी आता जिता परत येत नाही. सुलभा, तुझं बोट दे."

"माझं? कायले?"

"दे ना!"

सुलभाताईंच्या बोटावर आकडा झकास आला.

"एकदम बढिया, काका!" मॅडम खूश झाल्या. "मग आज गॅलरीत चालायचं. मधे थांबायचं नाही. मला फक्त पाय दाखवा."

वामनराव पेचात पडले. थांबलो तर चोरी पकडली जाणार, चाललो तर जीव जाणार. त्यांनी मोबाइलवर हात ठेवला आणि बायकोकडे केविलवाणं पाहिलं.

थोड्याच वेळात नवऱ्याचा पायजमा चढवून सुलभाताई गॅलरीत फेऱ्या मारू लागल्या, आणि वामनराव खुर्चीत बसून त्यांचे पाय मॅडमना दाखवू लागले.

"जरा तेज, काका!"

सुलभाताई तेज झाल्या.

"शाबास! आता चेहरा दाखवा. ओठ निळे पडले का बघू दे."

वामनरावांनी कॅमेरा स्वतःकडे फिरवला. नेमकी तेव्हाच लाइट गेली आणि शेजारच्या कारखान्यातले खडखडणारे पॉवरलूम थांबून सगळं शांत झालं.

"कमाल आहे, दम पण नाही लागला?" मॅडम थबकल्या. "मग ही धाप कोणाची ऐकू येते?"

"माझी," खाली बसत सुलभाताई म्हणाल्या.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे वामनरावांचा खरा आकडा पाहिला, मग त्याच चिमट्यावर सुलभाताईंची नाडी. "काकू, असा दम रोज लागतो?"

"जिना चढली की लागते. छाती भरून येते. यांच्या दुखन्यात सांगू कोनाले?"

इतके दिवस वामनरावांना घरात स्वतःचाच श्वास तेवढा ऐकू येत होता.

"दोघंही दवाखान्यात जा," मॅडम म्हणाल्या. "अभी के अभी."

रिक्षा दारात आली. सुलभाताईंनी पिशवीत दोन चादरी कोंबल्या.

"दोन कायले?" वामनरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तिथं कोन ॲडमिट होईन, आता काय सांगता येते?"