आत्याच्या कपाटातला जॅम

बाजारात त्यांना सगळे किलोसाहेब म्हणत. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. असा माणूस जॅमच्या नादी लागला तो दातांच्या डॉक्टरमुळे. डॉक्टर बिचारे काही बोलले नव्हते. पण तिथे दीड तास ताटकळावं लागलं आणि टेबलावर एकच मासिक होतं.

फ्रेंच लोक जॅम कसा करतात, हे त्यात दिलं होतं. साखर बेताची, फळं रात्रभर साखरेत मुरवलेली, पसरट भांड्यात थोडाच वेळ कढ, आणि चमच्यावरून संथ ओघळेल इतपतच दाटपणा. किलोसाहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. (शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. त्यात काय असणार, ‘आवडल्यास कळवा’, असं त्यांनी गृहीत धरलं.)

खरं तर हा खटाटोप बायकोसाठी होता. ती इस्पितळात नर्स. तिला लहानाचं मोठं केलं तिच्या आत्यानं, आणि हीच आत्या शेवटची नऊ वर्षं यांच्या मागच्या खोलीत राहत होती. दोन महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून बायको घरात पाहुण्यासारखी वावरत होती. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. तिला काय म्हणावं हे किलोसाहेबांना कळेना, म्हणून ते काहीच म्हणाले नाहीत. (ज्याचं माप नाही अशा गोष्टींशी त्यांचं कधी जमलंच नाही.) निदान जॅम तरी खाईल, असा त्यांचा हिशेब.

रविवारी स्ट्रॉबेरीचा जॅम झाला. नऊ बरण्या भरल्या. बायकोनं चमच्याच्या टोकानं चाखला, “बरा झालाय,” म्हणाली आणि निघून गेली. स्वयंपाकघरात जागा नव्हती, म्हणून त्यांनी बरण्या आत्याच्या रिकाम्या कपाटात ठेवल्या. भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी होती. त्या उबेसाठीच आत्यानं ती खोली निवडली होती. तिचे गुडघे धरायचे.

बुधवारी संध्याकाळी किलोसाहेब एकटेच घरी होते. बाहेर धुकं उतरलं होतं आणि खिडक्या दुधी काचेसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. ते मागच्या खोलीत छत्री शोधायला गेले. दिवा लावायला हात वर केला, तोच मागून आवाज आला.

“हुऽऽश्श.”

लांबलचक, दमलेला सुस्कारा. आत्या खुर्चीत बसताना अगदी असाच सुस्कारा सोडायची. खुर्ची रिकामी होती. पलंग रिकामा होता, पण गादीवर आत्याच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. किलोसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कपाटाच्या दाराला हात लावला. दार तापलेल्या कपाळासारखं कोमट होतं. आणि आतून, अगदी त्यांच्या तळहाताखालून, कुणीतरी हलकेच टिचकी मारली. टक्.

ते बाहेर आले ते थेट बेकरीत जाऊन उभे राहिले. “काय देऊ?” बेकरीवाल्यानं विचारलं. “काही नाही,” ते म्हणाले, “माणसं बघायला आलोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कामावर गेल्यावर त्यांनी हातात दोन किलोचं वजन घेऊन कपाट उघडलं. (वजन कशाला? भुताचं काय करायचं असतं याबद्दल खात्याचं परिपत्रक नाही.) आत बरण्याच होत्या. पण जॅमवर गुलाबी फेस चढला होता, पत्र्याची झाकणं फुगली होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक झाकण टक् करून उचललं गेलं आणि सुस्कारलं, “हुऽऽश्श.” आंबूस, दारूसारखा भपकारा आला. साखर कमी, ऊब जास्त. जॅम चक्क आंबला होता! फाटलेल्या पानावर ‘फ्रीजमध्ये ठेवा’ एवढंच असणार. किलोसाहेबांना हसू फुटलं. संध्याकाळी बायकोला सांगायचं, दोघं मिळून हसू, असं त्यांनी ठरवलं.

पण संध्याकाळी बायको आली ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. किलोसाहेब सांगायला मागोमाग गेले आणि दाराशीच थबकले.

“आत्या,” ती आत बोलत होती, “तू आहेस ना गं?”

कपाट म्हणालं, “हुऽऽश्श.”

“तू गेलीस त्या दिवशी हे काय करत होते, ठाऊक आहे? फुलवाल्याचा तराजू तपासत होते. मी तिथे उभी. मला जवळही घेतलं नाही.”

“हुऽऽश्श.”

दोन महिन्यांत ती पहिल्यांदा इतकं बोलली होती. आता कोणत्या तोंडानं सांगायचं की आत आत्या नाही, स्ट्रॉबेरी आहे?

मग ते रोजचंच झालं. रोज सहा वाजता ती दार लोटून बोलायची आणि हे बाहेर कान देऊन उभे. ती म्हणाली, “ओला टॉवेल पलंगावर टाकतात,” की दुसऱ्या दिवशी टॉवेल दोरीवर. ती म्हणाली, “नळ महिनाभर गळतोय,” की नळ दुरुस्त. ती म्हणाली, “तुझं नाव एकदाही घेतलं नाही त्यांनी,” आणि त्या रात्री जेवताना किलोसाहेब घसा खाकरून म्हणाले, “आत्या असत्या तर मीठ कमी आहे म्हणाल्या असत्या.” बायकोनं मान वर करून बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. आणि त्या रात्री ती पोटभर जेवली.

आता आत्या बोलती राहणं भाग होतं. रोज सकाळी ते चोरून झाकणं सैल करायचे आणि पुन्हा आवळायचे, म्हणजे सहाच्या सुमाराला सुस्कारे बरोबर येत. (एका सरकारी माणसानं आयुष्यात केलेली ही पहिली वजनातली फसवणूक.)

पण सातव्या दिवशी बायकोनं विचारलं, “आत्या, हे खरंच बदललेत, की हे चार दिवसांचंच आहे?”

कपाट गप्प. ती पुष्कळ वेळ थांबली. आतून चकार शब्द नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

किलोसाहेब हादरले. जॅममधला जोर संपला होता! सकाळी त्यांनी प्रत्येक बरणीत दोन-दोन चमचे साखर घातली, ढवळली, आणि झाकणं अशी आवळली की मनगट दुखायला लागलं.

त्या संध्याकाळी खोलीत नेहमीपेक्षा जास्त अंधारून आलं होतं. बायको कपाटासमोर खुर्ची ओढून बसली. “आत्या, कालचं उत्तर दे ना गं.”

आधी एक कण्हणं ऐकू आलं. मग आतून ठोके पडू लागले. टक्. टक्. टक्. कपाटाचं दार आपोआप इंचभर उघडलं. आणि दाराच्या खालच्या फटीतून काहीतरी लाल, दाट, संथ ओघळत बाहेर यायला लागलं. अगदी मासिकात लिहिलं होतं तितकं संथ.

“अगं, मागे हो!” ओरडत किलोसाहेब आत घुसले, आणि तेवढ्यात कपाट फुटलं. एकामागून एक नऊ झाकणं छताला जाऊन आदळली. भिंत लाल, पलंग लाल. बायकोचा पांढराशुभ्र गणवेश पाहून तर काळजात धस्स व्हावं.

ती हलली नाही. किलोसाहेबांनी तिला घट्ट जवळ घेतलं, जॅमसकट. “चुकलं माझं,” ते रडकुंडीला येऊन म्हणाले, “आत्या नव्हत्या. जॅम होता. मीच रोज झाकणं...”

ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि पुन्हा हसली.

“अहो, वीस वर्षं नर्स आहे मी. आंबल्याचा वास मला कळत नाही? पहिल्या दिवशी अर्धं मिनिट खरंच आत्या वाटली. तेवढं अर्धं मिनिट पुरलं मला.”

“मग माझ्याशी बोलली का नाहीस?”

“तुमच्याशीच तर बोलत होते, आठवडाभर. समोर बसून सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

“पण मी बाहेर आहे, हे तुला कसं कळलं?”

“दाराखालून तुमच्या सपाता दिसायच्या की. रोज डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात.”

शहरभरच्या तराजूंतला केसाइतका फरक पकडणाऱ्या त्या माणसानं खाली पाहिलं. आजही तशाच होत्या.