वेंडेल प्रूइटचा स्वच्छ सिनेमा

बर्बँकच्या त्या छोट्या थिएटरात चाचणीचा खेळ संपला, दिवे लागले आणि प्रेक्षकांनी आपापलं मत कार्डावर लिहून, नाव न घालता, डब्यात टाकलं. वेंडेल प्रूइट निश्चिंत होता. हा बेकर्सफील्डचा म्हातारा, तीस वर्षं उजव्या पक्षाचा जिल्हाप्रमुख. हॉलिवूडनं देश बिघडवला, तर आता हॉलिवूडलाच वळण लावायचं, या हट्टानं त्यानं सिनेमा काढला होता. त्यात प्रार्थना करणारा बाप, शब्द न बोलणारी आई आणि त्यांच्या संसारात विष कालवणारी घटस्फोटित व्हिव्हियन. कार्डं चांगली आली तरच वितरक सिनेमा घेणार होता. म्हणून वेंडेलनं दोन बसगाड्या भरून आपल्याच चर्चची माणसं आणली होती.

दिग्दर्शक गिब लाँगाकरनं कार्डं चाळून घसा साफ केला.

"काका, लोकांना व्हिव्हियन फार आवडलीय."

"कुठल्या लोकांना?"

"सगळ्यांनाच. एकशे बारातल्या एकशे नऊ जणांना."

"आणि बाप?"

"त्यानं प्रार्थना जरा लवकर आटपावी म्हणतात."

वेंडेल लालबुंद झाला. "डावे घुसले असणार!"

"दारात तुम्हीच उभे होतात की! एकेकाचा हात हातात घेऊन आत सोडलंत."

"छाट त्या बाईला!"

व्हिव्हियनला छाटलं. पुढच्या शनिवारी त्याच बसगाड्या, तीच माणसं. या खेपेला जवळजवळ प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न: ती बाई कुठं गेली? पाद्रीबुवांनी तर खाली सहीसुद्धा ठोकली होती.

"अक्षरावरून शोधून काढतो एकेका फितुराला," म्हणत वेंडेलनं चष्मा चढवला. दहाव्या कार्डाशी तो थबकला. डावीकडे झुकलेलं, बारीक, नेटकं अक्षर. एक्केचाळीस वर्षं त्याच्या घरातल्या मुरंब्याच्या बरण्यांवर हेच अक्षर होतं. कार्डावर लिहिलं होतं, 'तिला परत आणा. तिचं बोलणं तरी कुणी मध्येच तोडत नाही.'

वेंडेलनं कार्ड हळूच खिशात घातलं.

"घाल तिला परत," तो म्हणाला.

"आँ? का हो, काका?"

"जनमत आहे."

रविवारी दुपारी बायकोनं, लोरेटानं, त्याच्या ताटात भाजलेलं मांस वाढलं. "अहो, काय झालं मग सिनेमाचं?"

वेंडेलनं सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"तूच सांग. कसा वाटला?"

लोरेटानं त्याच्याकडे नीट पाहिलं, हातातला चमचा खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. मांस गार झालं, पीचचं गोड पक्वान्न संपलं, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटासुद्धा वाजून गेली. लोरेटा अजून पहिल्याच प्रसंगावर होती.