तीन डबे आणि एक करडी खोली

"त्यात काय अवघड आहे! तीन डबे आणायचे, तीन झाकणं लावायची, झाला हिशेब!" रंगशेठ म्हणाले आणि नेहमीप्रमाणे स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले.

रंगशेठ म्हणजे घरं-दुकानं रंगवून देणारे कंत्राटदार. स्वतःचा धंदा, स्वतःची शिडी आणि आता, साठी जवळ आल्यावर, स्वतःचा घटस्फोट! कारण ऐकाल तर हसाल. रंगाच्या दुकानदारांनी त्यांचा सत्कार केला. 'अचूक नजरेचा रंगारी' असं कोरलेली पाटी दिली. शेठनी भाषणात दुकानदारांचे आभार मानले, कामगारांचे मानले, भरात येऊन शिडीचेही मानले. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोचं नाव मात्र राहिलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी फक्त त्या बायकोला माहीत होती. कामगार तिला वहिनी म्हणत, आपणही म्हणू. रंगशेठना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. जन्मापासून! दोन्ही त्यांना ओल्या चिखलासारखे. लग्नानंतर आठवड्याभरात वहिनींच्या ते लक्षात आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक कामाचा रंग मिसळायला त्या उभ्या राहत, डब्यावर नाव लिहीत, बिलं करत, टॅक्स भरत. शेठ फक्त भिंतीसमोर उभं राहून "अहाहा!" म्हणत.

सत्कारानंतर वहिनी घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "शिडीबरोबर सुखाने राहा."

म्हणून शेठ आता भाड्याच्या एका खोलीत आले होते. जुनं सामाईक खातं बंद झालं होतं, नवं उघडायचं होतं, आणि गिऱ्हाइकं रोख देत होती. समझोत्याचे कागद तयार होते. पण वहिनींची अट होती: "टॅक्सचे पैसे वेगळे राखून दाखवा, मगच सही. नाहीतर यांच्या नोटिसा आयुष्यभर माझ्या दारात येतील." आणि शेठना तर सगळ्या जगाला दाखवायचं होतं, की बाईच्या मदतीशिवाय आपलं अडत नाही.

डबे लेकीने रंगवून आणले, आजवर साठलेली रोख हिशेबाने त्यांत वाटली आणि ते फडताळावर मांडले. "बाबा, लाल झाकण टॅक्सचं. फट तिन्हींना आहे, पण यात फक्त टाकायचं, उघडायचं नाही. हिरवं मजुरीचं आणि मालाचं. निळ्यात आईला दरमहा द्यायचे ते. चुकणार नाही ना?"

"रंगात? मी?" शेठ हसले. मग त्यांनी हळूच मनात घोकलं: डावीकडचा टॅक्स, उजवीकडचा मजुरी.

लेक भिंतीकडे बघत उभी होती. "खोली तुम्हीच रंगवलीत?"

"एकट्याने! करडा रंग. गंभीर. या वयात शोभेल असा. कसा वाटतो?"

"बाबा, तुम्हाला... बरं वाटतंय ना?"

"उत्तम वाटतंय!"

जाताना लेकीने फडताळ पुसलं, डबे उचलले आणि परत ठेवले. कुठला कुठे ठेवला याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचं सगळं लक्ष त्या भिंतींकडे होतं.

शनिवारी मजुरी द्यायला शेठनी उजवीकडचा डबा उघडला, तर नोटांनी गच्च भरलेला! "अरेच्चा! मी तर उगाचच स्वतःला कमी समजत होतो!" त्यांनी कामगारांना मजुरीवर बक्षीस दिलं. नवीन शिडी घेतली. डावीकडच्या डब्यात मात्र ते इमानाने पैसे टाकत राहिले आणि त्याला नागाने धन राखावं तसे राखत राहिले.

मग आला दातांचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंना हवा होता फिकट हिरवा, पेशंटना शांत वाटेल असा. शेठनी एकट्याने रंग मिसळला. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं, पण शेठ म्हणजे अचूक नजर! दातांचा दवाखाना आहे, विचार करूनच निवडला असेल.

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, हे काय केलंत! सगळ्या भिंती हिरड्यांसारख्या दिसताहेत! पेशंटला वाटतंय आपण कुणाच्या तरी तोंडात बसलोय!"

"नवीन फॅशन आहे," शेठ कसेबसे म्हणाले.

"एक आजोबा आत आले आणि आपसूक आ करून बसले!"

दवाखाना पुन्हा रंगवावा लागला, तोही पदरचे पैसे घालून. उजवीकडच्या डब्याने तळ गाठला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात वहिनी, लेक आणि सीए खोलीवर आले. सहीचे कागद टेबलावर ठेवले. वहिनींनी दारातूनच भिंती पाहिल्या. त्यांचे ओठ थरथरले. त्यांनी घाईघाईने रुमाल तोंडाला लावला.

शेठना वाटलं, रडतेय. त्यांना फार वाईट वाटलं.

"टॅक्सचा डबा?" सीएने विचारलं.

"हा घ्या!" शेठनी डावीकडचा डबा टेबलावर आपटला. "झाकणाला बोट लावलेलं नाही!"

"बाबा, हा हिरवा आहे."

"तेच म्हणतोय मी! हा... म्हणजे दुसरा." शेठनी दुसरा ओढला. सीएने तो उघडून उपडा केला. आतून नव्या शिडीची पावती गळून पडली.

लेक एकदा झाकणांकडे, एकदा भिंतींकडे, एकदा बाबांकडे बघत होती.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मीच यांना सांगितलं होतं, डबे बदलून ठेवा म्हणून. चोराचिलटाची भीती."

सीएने मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण शेठनी वहिनींकडे पाहिलं, आणि त्यांना ती पहिली रांग आठवली.

"नाही," ते म्हणाले. "ही खोटं बोलतेय. माझ्यासाठी. मला लाल-हिरवा कळत नाही. कधीच कळला नाही. आजवरचा प्रत्येक रंग हिने मिसळला. त्या पाटीवर हिचं नाव पाहिजे होतं, आणि मी शिडीचे आभार मानले."

सीएने चष्मा काढला. लेकीने आईचा हात धरला. शेठ छाती भरून उभे राहिले. आता ही डोळे पुसणार, कागद बाजूला सारणार!

"छान बोललात," वहिनी म्हणाल्या, हिरव्या डब्याचं वजन हाताने जोखलं आणि त्यांनी सही केली.

मग त्यांनी हिरव्या डब्यातले पैसे मोजायला लावले. टॅक्सपुरते जेमतेम भरले. पर्समधलं पेन काढून त्यांनी एका झाकणावर 'टॅक्स' लिहिलं, दुसऱ्यावर 'मजुरी'. निळा डबा उचलला तर तो बरोबर भरलेला होता.

"हा बरा चुकला नाही?"

"निळा दिसतो मला," शेठ म्हणाले. "लग्नात निळी साडी होती तुझी."

वहिनींनी त्या झाकणावर काही लिहिलं नाही. "उद्यापासून रंग मिसळायला येईन," त्या म्हणाल्या. "फी घेईन. आणि बिल वेळेवर चुकतं करायचं."

"चालेल! पण ही खोली तरी जमली ना मला? हा करडा?"

वहिनींनी त्या गुलाबी, अगदी बाळाच्या टोपड्यासारख्या गुलाबी भिंतींवरून सावकाश नजर फिरवली. लेकीकडे डोळे वटारून पाहिलं.

"शोभतो तुम्हाला," त्या म्हणाल्या.

पुढे किती वर्षं त्या खोलीला तोच रंग मिळत राहिला. दर वेळी वहिनी स्वतः येऊन तो मिसळत, आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहीत: करडा. लेकीनेही बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. एक डबा अजून तिच्याकडे आहे. त्यातला रंग वाळून गेलाय, पण फी मात्र वहिनींनी त्याचीही घेतली होती!