राजाजीनगरचा उपग्रह

रंगोजीअण्णा पाण्याच्या टाकीवर चढून, कपाळावर हात आडवा धरून, खालच्या हवेचे तापमान सांगत. "कौलांची रांग, गार. पत्र्यांची रांग, तापलेली. चिंचेखाली स्वल्प कमी." मग उतरून थर्मामीटरने पडताळून पाहत. अंदाज बहुधा चुके. "छप्पर दिसतं, हवा दिसत नाही!" असे ओरडून ते पुन्हा चढत.

राजाजीनगरात अण्णा माझे शेजारी. त्यांच्या पत्नी यशोदाबाई स्वयंपाकघरातल्या उकाड्याला कंटाळल्या होत्या. अण्णा म्हणाले, "एवढं काही तापत नाही." त्यावर त्या "मोजून दाखवा" म्हणाल्या आणि जवळच्याच मल्लेश्वरम भागात भावाकडे निघून गेल्या. वर्ष झाले, परतल्या नाहीत. अण्णा मोजू लागले ते तेव्हापासून.

त्यातच ढगांचे फोटो काढणाऱ्या उपग्रहाची बातमी मी काम करतो त्या दैनिकात आली. अण्णांना पंख फुटले. "आज ढग बघतो, उद्या छपरं बघेल. आपली गल्ली वरून गार दिसली पाहिजे!" आणि त्यांनी घरोघर जाऊन पत्र्यांना चुना लावायला लावला.

"अण्णा, वरच्याला आपली पापं दिसतात म्हणे. छपरंही दिसतात?" समोरच्या पद्माक्कांनी विचारले.

"दिसतात, अक्का! पण पापांना चुना लावता येत नाही."

एप्रिलच्या एका सरीत तो चुना वाळत घातलेल्या साड्यांवर उतरला. गल्लीतल्या बायकांनी अण्णांना दोन भाषांत शिव्या दिल्या. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असे तिथल्या बोलीत म्हणत ते बादली घेऊन पुन्हा शिडी चढले.

मे महिन्यात ते आमच्या कचेरीत आले. राजाजीनगर गार झाल्याचे छापा म्हणणार, हे मी ओळखले.

"कुठे मोजलंत?" मी विचारले.

"स्वयंपाकघरात. तिच्या पाटावर बसून."

"चूल पेटलेली होती?"

"म्हणजे काय! ती काय विझलेल्या चुलीपुढे बसायची? सगळा स्वयंपाक होईपर्यंत बसलो."

"किती आलं?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केस घामाने चिकटले होते.

"आकडा राहू दे," ते म्हणाले. "तुम्ही चुकीची दुरुस्ती छापता ना? तिच्या भावाकडे तुमचाच पेपर येतो."

"कुठल्या बातमीची दुरुस्ती, अण्णा?"

"बातमीची नाही हो. मी बोललो त्याची."