मोलोचं कोठार आणि ओतोनची भिंत

माणसाला ज्या गोष्टीचा कंटाळा येतो ती तो सोडून देतो. जी सोडता येत नाही, तिच्याबद्दल तो मत देतो. राज्यकारभार, सासर आणि संगणकावरचे खेळ ही तिन्ही क्षेत्रं याच नियमावर आजवर सुरळीत चालत आली आहेत.

तिसऱ्या क्षेत्रात 'सार्वभौम' या खेळाचा मान मोठा. हा फेऱ्यांचा खेळ. सुरुवातीला एक गाव मिळतं, चार शेतं मिळतात आणि एक भालाईत मिळतो. आपण आपली चाल करायची, 'फेरी संपली' हे बटण दाबायचं, मग शेजारची राज्यं आपापल्या चाली करतात आणि पुन्हा आपली पाळी येते. घाई म्हणून कसली नाही. (ज्या कामात घाई नसते त्याला आयुष्य पुरत नाही, हे आपल्या गोष्टीतल्या नोंग डुल्फोला कुणी सांगायला नको होतं. त्याची उमर सरकारी कचेरीत गेली होती.) जग जिंकायला सहा हजार वर्षं दिलेली असतात. मध्येच घरातून कुणी जेवायला हाक मारली तर "ही एवढी फेरी" म्हणायचं, अशी जगभर रीत आहे.

खेळाच्या पानाखाली मत लिहायची सोय आहे. मताच्या माथ्यावर ते देणारा किती तास खेळला हे यंत्र आपणहून छापतं, त्यामुळे लाज वाटून घ्यायची जबाबदारीही यंत्राकडेच जाते. मतदारांचे तीन वर्ग पडतात.

वर्ग पहिला : तीन हजार तासांच्या वर खेळलेले. हे म्हणतात, खेळू नका.

वर्ग दुसरा : दोन-तीन तास खेळलेले. हे म्हणतात, जरूर खेळा. त्यानंतर ते पहिल्या वर्गात निघेपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

वर्ग तिसरा : अजिबात न खेळलेले. यांचं मत सर्वांत ठाम असतं. संख्येने हा वर्ग सर्वांत मोठा असून त्याचा विचार योग्य ठिकाणी केला जाईल.

नमुन्यादाखल :

खेळलेले तास : ३,९०४. शिफारस : नाही.
"या खेळापायी माझी दोन लग्नं मोडली. दुसऱ्या वेळी तर मी जिंकत होतो."

खेळलेले तास : ५,११७. शिफारस : नाही.
"अत्यंत निकृष्ट. हत्ती पाण्यात उतरत नाहीत. आठ वर्षं वाट पाहतो आहे."

खेळलेले तास : २. शिफारस : होय.
"छान आहे. उद्या परीक्षा आहे म्हणून आता थांबतो."
(याच गृहस्थांचं पुढचं मत, तास ३,२८० : "कुठली परीक्षा?")

आता तेओदुल्फो पाल्मारेस, म्हणजे आपला नोंग डुल्फो. (नोंग म्हणजे दादा. इलोइलो या बेटावरच्या मुलखात वयाने किंवा पोटाने मोठ्या माणसाला म्हणतात.) राहणार मोलो, देवळामागे. बायको मेर्लिंदा, मुलगी क्रिझेल. मतांच्या पानावर त्याचं नाव 'कोठारपुत्र'. त्याचं मत असं :

खेळलेले तास : ४,३१२. शिफारस : नाही.
"जो पहिल्या वीस फेऱ्यांत धान्याचं कोठार बांधत नाही त्याने राज्य करू नये, लग्न करू नये, आणि शक्य असेल तर मतही देऊ नये."

त्याखाली दुसऱ्याच दिवशी 'तटरक्षक' नावाच्या इसमाने लिहिलं होतं : "कोठारपुत्रांच्या कोठारातला तांदूळ आमच्या टोळीने सत्ताविसाव्या फेरीत खाल्ला. बरा होता. आधी भिंत, मग भात."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत दोघांमध्ये झालेला पत्रव्यवहार पाहता इतक्या नियमाने प्रेमपत्रंसुद्धा लिहिली जात नाहीत. तटरक्षक प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच लिही : आधी भिंत, मग भात. कोठारपुत्राने त्याला टप्प्याटप्प्याने भेकड, गवंडी, आणि एका विशेष दिवशी चिखलात फुगलेली मेलेली म्हैस म्हटलं होतं.

इतका कडवटपणा लेखी का, तर तोंडी जमत नाही म्हणून. इलोइलोच्या माणसाला भांडता येत नाही. इच्छा असते, सूर नसतो. इथे नवरा-बायको कडाडून भांडायला लागले की शेजारीण त्या आवाजावर आपलं मूल झोपवून घेते. "तुझे तुकडे करीन" हे वाक्य इथे अंगाईच्या चालीवर म्हटलं जातं, आणि राग जितका अनावर तितकी चाल गोड. अशा मुलखात ज्याला खरोखर कुणाला फाडून खायचं असेल, त्याला लेखनावाचून गत्यंतर नाही. (इथले लेखक पुष्कळ आहेत.)

"हा तटरक्षक कोण रे?" मेर्लिंदाने एकदा विचारलं होतं.

"शत्रू."

"नाव काय त्याचं?"

"शत्रूचं नाव कशाला लागतं?"

"नाही, माझा सख्खा भाऊ वर्षातून एकदा लिहितो, तोही नाताळात. हा तुला रोज लिहितो. चौकशी करावी म्हटलं."

क्रिझेल औषधांच्या दुकानात कामाला होती. येता-जाता बापाच्या खांद्यावरून वाचायची. म्हशीच्या दिवशी ती म्हणाली, "ताताय, हे जास्त झालं." ताताय म्हणाला, "म्हैस लहान आहे, मोठी लिहू?"

आणि एका संध्याकाळी क्रिझेलने घरात जाहीर केलं, की शेजारच्या ओतोन गावचा जॉन रे सुमागायसाय तिला पसंत आहे, तो जहाजावर अधिकारी आहे, जहाज पंधरवड्यात सुटणार आहे, आणि येत्या रविवारी त्याच्या घरचे रीतीप्रमाणे मागणी घालायला येणार आहेत.

"भेटला कुठे?" मेर्लिंदाने विचारलं.

"एक माफी मागायची होती. त्यातून ओळख झाली."

कोणाची माफी, कशाबद्दल, हे बापाने विचारायला हवं होतं. पण त्या क्षणी शेजारच्या राजाचे हत्ती नदीकाठी येऊन उभे होते.

मेर्लिंदाने मात्र गणित मांडलं. रविवारी होकार झाला तर झाला. नाही तर जहाज गेलं, ते दहा महिने. आणि दहा महिन्यांत काय होतं ते तिच्या मावशीने, लोला (म्हणजे आजी) कोन्सोर्सियाने, सर्वांच्या देखत सांगितलं : "बंदर तिथे औषधांचं दुकान असतंच, बाळांनो." तेव्हा रविवारी ते संगणकाचं खोकं बंद राहील, असा हुकूम निघाला. क्रिझेलने ते खोकं स्वतःच्या हाताने कापडाने झाकून ठेवलं.

रविवारी ओतोनची मंडळी आली. मागणी घालणाऱ्याने जेवण घेऊन यायचं असतं, त्याप्रमाणे अख्खं भाजलेलं डुक्कर आलं, पानात गुंडाळलेला चिकट भात आला, आणि पातेलंभर पान्सित मोलो आलं. खिम्याच्या पुरचुंड्यांचं हे सार मोलोत जन्मलं. मोलोच्या घरी मोलोचंच सार घेऊन येणं याला दोन अर्थ संभवतात : अतिशय आदर, किंवा युद्धाची घोषणा. नोंग डुल्फोने चव घेतली आणि निर्णय राखून ठेवला.

मुलाचा बाप, एपिफानियो सुमागायसाय, शाळेतून निवृत्त झालेला, किडकिडीत, परीटघडीचा. प्रमुख म्हणून टेबलाच्या टोकाला लोला कोन्सोर्सिया. या घराण्यात लोलाने टेबलावर हात ठेवून 'ठरलं' म्हटलं, की ते ठरतं. पोपसाहेब रोमहून आले तरी फिरत नाही. अलीकडे तिला शब्द ऐकू येत नसत, सूर तेवढे ऐकू येत. यामुळे तिच्या न्यायबुद्धीत बरीच सुधारणा झाली आहे असं सगळे मानत.

मागणीची रीत म्हणजे एकाने बोलायचं आणि गप्प बसायचं. मग दुसऱ्या बाजूने खायचं, विचार करायचा, बोलायचं आणि गप्प बसायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. नोंग डुल्फोला हे इतकं अंगवळणी होतं की पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने कमालीची शोभा आणली. लग्न कोणत्या देवळात, जेवण कुणाकडे, सगळं पटापट मिटलं. मेर्लिंदा नवऱ्याकडे जुन्या दिवसांसारखी पाहू लागली.

तिसऱ्या फेरीत घराचा विषय निघाला. ओतोनला समुद्राजवळ मोकळी जागा होती. जॉन रेच्या पगारातून तिथे काय आधी उभं करायचं?

"चारी बाजूंनी भिंत," एपिफानियो म्हणाला. "घर सावकाश."

"आधी स्वयंपाकघर आणि तांदूळ ठेवायची खोली," नोंग डुल्फो म्हणाला. "माणूस भिंत चावून खात नाही."

"भिंत नसली तर तो तांदूळ दुसरेच खातात, नोंग." एपिफानियोने तोंड पुसलं. "मी तर सगळ्यांना सांगतो. आधी भिंत, मग भात."

नोंग डुल्फोचा चमचा वाडग्यात राहिला. या बेटावर भिंतीच्या बाजूचे लोक पुष्कळ असतील. हे चार शब्द या क्रमाने बोलणारा एकच होता.

त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "नोंग एपिफानियो, हत्ती पाण्यात उतरतात का हो?"

एपिफानियोचा चेहरा पांढरा पडला. "आठ वर्षं नाही उतरले," तो म्हणाला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली. "कोठारपुत्र?"

"म्हैस," नोंग डुल्फो म्हणाला.

यानंतर जे झालं त्याला इलोइलोच्या इतिहासात तोड नसावी. तीन वर्षांचं साचलेलं दोघांनी समोरासमोर काढलं, आणि सूर तर जन्माचा. तो बदलतो कुठे?

"तुमच्या घरात मी माझं मांजरसुद्धा देणार नाही," नोंग डुल्फो म्हणाला, आणि बाहेर अंगणात कुणाचं तरी रडतं पोर गप्प झालं.

"तुमचं मांजर तुमच्यासारखंच असणार, उघड्यावर झोपणारं," एपिफानियोने ताल धरला.

"हे लग्न होणार नाही!"

"मीच होऊ देणार नाही!"

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, नाही, नाही!" या तिसऱ्या 'नाही'वर नोंग डुल्फोचा संताप शिगेला पोचला, म्हणजे त्याचा आवाज असा पाझरला की एपिफानियोच्या बायकोने शब्द ऐकूनही डोळ्याला पदर लावावा तसा रुमाल लावला.

लोला कोन्सोर्सिया मान डोलावत होती. तिने डोळे उघडले.

"तीन वेळा म्हणाला," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानेसुद्धा इतक्या मायेने हो म्हटलं नव्हतं." आणि तिने हात टेबलावर ठेवला. "ठरलं."

"लोला, मी नाही म्हणालो!" नोंग डुल्फो ओरडला. फारच गोड ओरडला.

"हो रे बाळा, ऐकलं. किती वेळा सांगशील?"

नोंग डुल्फोने बायकोकडे पाहिलं. मेर्लिंदाने शब्द न् शब्द ऐकला होता. तिने उठून त्याच्या वाडग्यात आणखी सार वाढलं.

"ताताय," क्रिझेल म्हणाली, "तुमची फेरी संपली."

मग तिने उरलेलं सांगितलं. म्हशीचं मत गेलं त्या दिवशी तिने बापाच्या नकळत तटरक्षकाला माफीच्या चार ओळी लिहिल्या होत्या. तटरक्षक तेव्हा झोपला होता. त्या ओळी सुट्टीवर आलेल्या त्याच्या मुलाने वाचल्या आणि उत्तर दिलं : आमचे ताताय पण तसेच आहेत.

आता आपण काहीतरी बोलायला हवं, असं जॉन रेला वाटलं. जहाजावरची माणसं धीट असतात.

"माझं मत विचाराल," तो म्हणाला, "तर आधी विहीर."

दोन्ही बाप एकदम त्याच्याकडे वळले.

"किती तास खेळलायस?" नोंग डुल्फोने विचारलं.

"एकही नाही, ताताय."

नोंग डुल्फोने एपिफानियोकडे पाहिलं. एपिफानियोने नोंग डुल्फोकडे पाहिलं. तीन वर्षांत प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं.

"व्याहीबुवा," नोंग डुल्फो हळूच म्हणाला, "हा मुलगा तुमचा ना?"

"आता दोघांचा," एपिफानियोने सुस्कारा सोडला.

जहाज वेळेवर गेलं आणि वेळेवर आलं. लग्न झालं. ओतोनच्या जागेवर आजमितीस भिंत नाही, कोठार नाही, दोन खुर्च्या आहेत. दर रविवारी जेवण झाल्यावर तिथून भजनासारखं काहीतरी ऐकू येतं. ओतोनचे लोक त्या दोघांचं उदाहरण देतात.

मतांच्या पानावर कोठारपुत्राने आपलं मत सुधारलं आहे :

खेळलेले तास : ४,९८८. शिफारस : नाही.
"या खेळाने माझी मुलगी नेली. रविवारी भेटते. जावई सोबत येतो आणि विहिरीबद्दल बोलतो. सावध राहा."

त्याखाली तटरक्षकाचा एकच शब्द आहे : "उपयुक्त."

राहता राहिला वर्ग तिसरा, ज्याचा विचार योग्य ठिकाणी करायचा होता. प्रस्तुत वाचकाने हा खेळ एक फेरीही खेळलेला नाही, ओतोनची जागा पाहिलेली नाही, त्या घरात त्याला राहायचंही नाही. तरी आधी भिंत की आधी कोठार, हे त्याने कधीच ठरवून टाकलं आहे. आणि विहिरीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, असंही त्याला मघापासून वाटत आहे. त्याची गैरसोय होऊ नये म्हणून खाली जागा सोडली आहे.

खेळलेले तास : ०. शिफारस : ..................

(जागा अपुरी पडणारच. वेगळा कागद जोडावा.)